फळ्यासमोरची चर्चा की फिरता कागद?

चपलांचे नवे नमुने सुचवायचे असोत की दुकानाची मांडणी बदलायची असो, माणसे एकत्र बसवून कल्पना काढण्याच्या दोन पद्धती कोल्हापुरातल्या सुभाषनगरातील आमच्या चपलांच्या कारखान्यात आम्ही वापरून पाहिल्या आहेत. पहिली अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने रूढ केलेली तोंडी ब्रेनस्टॉर्मिंगची, जिच्यात सगळे सुचेल ते बोलतात आणि एक जण ते फळ्यावर टिपतो. दुसरी जर्मनीच्या बर्न्ड रोरबाख यांची ६-३-५ पद्धत, जिच्यात सहा जण पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहितात आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवतात. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना कागदावर येऊ शकतात. त्यांतल्या बऱ्याच एकमेकींच्या बहिणी असतात, हेही खरे.

तोंडी चर्चेची बाजू लंगडी नाही. माणसे मोकळी होतात, एकाच्या बोलण्यावरून दुसऱ्याला सुचते, आणि तीनच जण असतील किंवा निर्णय संध्याकाळपर्यंत हवा असेल, तर मीही तीच पद्धत निवडेन. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि त्यात त्यांच्या कल्पना अडतात, हे डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवले आहे. पण माझा कौल त्यामुळे फिरला नाही. तो फिरला फळ्यावर लिहिणाऱ्यामुळे.

पावसाळ्याच्या तोंडावरच्या एका बैठकीत चपलेच्या पट्ट्याची चामडी वेणी घालणाऱ्या मावशी कानाबद्दल, म्हणजे तळाला बाजूने शिवलेल्या चामड्याच्या तुकड्याबद्दल, म्हणाल्या, “कान तळाला जिथं शिवतो तिथलं चामडं भिजून वाळलं की ताठ होतं आणि पावलाच्या कडेला बोचतं; तेवढी कड आत दुमडली तर?” फळ्यावर मात्र उमटले, “आराम वाढवणे”. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. घाईत त्याला जे सार वाटले, ते त्याने टिपले. परंतु कानाची कड, भिजलेले चामडे आणि दुमडण्याचा उपाय हे तिन्ही त्या दोन शब्दांत बुडाले, आणि मावशींनीही “तसंच म्हणायचं होतं” म्हणून विषय सोडला. पुढे अशा बैठकांत हे मला वारंवार दिसू लागले: ज्याला काम हाताने ठाऊक असते त्याचे म्हणणे नेमके असते, आणि नेमके तेच फळ्यावर पोचेपर्यंत गुळगुळीत होते.

फिरत्या कागदावर मधला माणूसच राहत नाही. हीच कल्पना पुढे कागदावर आली, तेव्हा शेजारच्या कारागिराने खाली लिहिले, “दुमडल्यास जाड होईल, त्याऐवजी कड छिलून पातळ करावी”, आणि तिसऱ्याने बाजूला कानाचे चित्र काढून छिलायची जागा रेघेने दाखवली. ऑस्बर्न यांना अपेक्षित असलेली, दुसऱ्याच्या कल्पनेवर भर घालण्याची गोष्ट मला तोंडी चर्चेपेक्षा या कागदावरच अधिक ठळकपणे दिसली.

ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांना हा प्रकार सुरुवातीला जड जातो, त्यामुळे प्रत्येक रकान्यात चित्रापुरती मोकळी जागा ठेवणे आणि पहिल्या फेरीला पाचऐवजी सात-आठ मिनिटे देणे आम्हाला उपयोगी पडले. तुमच्याकडची माणसे बोलकी आणि लिहायला अगदीच नाखूश असतील, तर तोंडी चर्चाच ठेवावी. फक्त फळ्यावरचे वाक्य बोलणाऱ्याला वाचून दाखवून त्याचा होकार घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. कारागीर आणि दुकानातली मंडळी एकत्र बसणार असतील, तर मात्र मी आधी कागद फिरवेन आणि तोंडी चर्चा निवडीसाठी राखून ठेवेन.