जाम नट काढायला इंडक्शन हीटर : पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

अंबडमधल्या आमच्या गॅरेजसाठी हजार वॅटचा, हातात धरायचा इंडक्शन हीटर उन्हाळ्यात घेतला. आता त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात भिजलेल्या गाड्या हातावेगळ्या झाल्यात, तेव्हा खात्रीने सांगतो: जरूर घ्या, पण तो नटासाठीच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीचे) नट गंजून स्टडवर, म्हणजे इंजिनात रोवलेल्या आट्यांच्या दांड्यावर, पार एकजीव होतात. तिथे गॅसची ज्योत लावायची म्हणजे शेजारचं वायरिंग आणि रबरी पाइप धोक्यात. हीटरची कॉइल नटावर चढवली की फक्त नट तापतो, कारण उष्णता लोखंडात आतच तयार होते. पंधरा-वीस सेकंदांत नट लाल होतो. मग कॉइल काढायची, लाली उतरू द्यायची आणि मेणबत्ती टेकवायची. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. सहा कोनी सॉकेट लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. कर्रकन आवाज आला की काम झालं. पाना स्प्रिंगसारखा लवचिक लागला तर तिथेच थांबा. नट नाही, स्टड पिळला जातोय. पुन्हा तापवा.

हे जमतं कारण बाहेरचा नट फुगतो. ग्लो प्लगचं, म्हणजे डिझेल इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणाऱ्या प्लगचं, उलट आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधला (इंजिनाच्या वरच्या झाकणातला) प्लग तापवला तर तोच फुगून आणखी घट्ट बसतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून तिथे इंजिन चालवून अख्खं हेड गरम करायचं. त्याआधी रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मुरवायचं आणि टॉर्क रेंच, म्हणजे पिळायचा जोर मोजणारा पाना, धरायचा. दहा एमएमच्या आट्यांचा प्लग साधारण 35 न्यूटन-मीटरला तुटतो, त्याच्या बरंच आत राहा. तुटला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते, आणि गिऱ्हाइकाला तो खर्च सांगताना खरंच जीव तुटतो.

तक्रार कॉइलची. तिच्यावरचं विणलेलं आवरण लवकर जळतं, दोन-तीन मापांच्या जादा कॉइल सोबतच मागवा. सलग चालवला तर मशीन तापून बंद पडतं. मध्ये विश्रांती द्यावी लागते.

ज्योत नसली तरी लाल नटाने पेट्रोल पेटतं. इंधनाची लाइन गळत असेल तर आधी ती दुरुस्त करा. पेसमेकर असलेल्या माणसाने हे यंत्र हाताळू नये, जवळही उभं राहू नये. लाल झालेला नट परत लावू नका. आम्ही नवा, तांब्याचा मुलामा असलेला नट आणि निकेलवालं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावतो.