६ इंची डॉबसोनियन दुर्बीण, कोपरखैरणेच्या गच्चीवर सव्वा वर्ष वापरून

दुर्बीण घेऊन सव्वा वर्ष झालं आणि सोसायटीत, ऑफिसात, नात्यात ज्याला ज्याला कळतं तो पहिला प्रश्न एकच विचारतो, काय गं, एलियन दिसले का? मला याचा राग येत नाही, कारण खरं सांगायचं तर मी ती त्याच प्रश्नासाठी घेतली. माझ्या बाबांनी ऐंशीच्या दशकात शहापूरकडच्या आमच्या गावी, उन्हाळ्यात अंगणात झोपलेले असताना समोरच्या डोंगरावर एक नारिंगी उजेड बघितला होता, बराच वेळ एका जागी थांबला आणि मग विझला, आवाज नाही काही नाही. लहानपणापासून ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीये. बाबा त्याला 'तबकडी' म्हणतात. आता ते आमच्याकडेच असतात, गुडघे दुखतात तरी लिफ्टने सातव्या मजल्यावर आणि पुढचा एक जिना चढून गच्चीवर येतात. म्हणून म्हटलं एकदाची चांगली दुर्बीण घेऊ.

आधी वस्तूबद्दल. डॉबसोनियन म्हणजे खाली फिरणारा लाकडी बेस आणि त्यावर तोफेसारखी नळी, आत तळाशी १५० मिमीचा आरसा. फोकल लेंग्थ १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), म्हणजे ४८ पट आणि १२० पट. मोटर नाही, ॲप नाही, हाताने ढकलायची. मला कुरिअर धरून ३५ हजारांच्या आत पडली. त्याच्या दोन वर्षं आधी मुलीच्या वाढदिवसाला एक छोटी ६० मिमीची आणलेली, खोक्यावर '५२५ पट' छापलेलं, तिचा स्टँड इतका हलायचा की चंद्रसुद्धा धड दिसायचा नाही, पोरगी आठवड्यात कंटाळली. खोक्यावरचा 'पट'चा आकडा बघून दुर्बीण घेऊ नका प्लीज, आरसा किंवा भिंग किती मोठं ते बघा. १५० मिमीचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्यापेक्षा साडेचारशे पट उजेड गोळा करतो, खरा फरक तिथे पडतो.

ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याने फाइंडरचे, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे, दोन स्क्रू पाठवलेच नाहीत, तीन आठवडे फोन करून शेवटी लोकल हार्डवेअरवाल्याकडून बसवले. आणि कॉलिमेशन म्हणजे आरसे सरळ रेषेत आणणं, त्याबद्दल कुणी एक शब्द सांगितला नव्हता. पहिला महिनाभर मला सगळे तारे शेपटीवाले दिसत होते आणि मला वाटायचं माझेच डोळे गेले. आता पाच मिनिटांत जमतं. नळी लांब आहे पण आमच्या वॅगनआरच्या मागच्या सीटवर आडवी बसते. पावसाळ्यात चार महिने ती कपाटाशेजारी सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकलेली, खाडीकाठची दमट हवा आरशाला चांगली नाही, याची तयारी ठेवा.

आणि आमचं आकाश. पूर्वेला एमआयडीसीचे दिवे, पश्चिमेला खाडीपलीकडची मुंबई, डोक्यावर धड वीस तारे मोजता येत नाहीत. तरीसुद्धा घ्या असं मी म्हणेन, पण त्याआधी सुरुवातीच्या काही महिन्यांत काय झालं ते सांगते कारण ते कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नव्हतं.

गच्चीवर रोज बसायला लागल्यावर आम्हाला 'यूएफओ' धडाधड दिसायला लागले. पूर्वेच्या डोंगरावर एक झगझगीत दिवा यायचा, तीन-चार मिनिटं हलायचाच नाही, बाबा म्हणाले बघ, अगदी अस्साच होता. ते मुंबईला उतरणारं विमान निघालं, लँडिंग लाइट चालू ठेवून सरळ आपल्याच दिशेने येत असलं की ते लटकल्यासारखं दिसतं, मग डोक्यावर आलं की कळतं. मग एका संध्याकाळी दिव्यांची एक लांब रांग, मुंग्यांसारखी एकामागे एक, खालच्या मजल्यावरची पोरं किंचाळत वर आली, ते स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह. नवरात्रात ढगावर गोल फिरणारे पांढरे ठिपके, ते कुठल्यातरी गरब्याचे बीमलाइट. संक्रांतीला पतंगाच्या दोरीला लावलेले एलईडी.

पण एक प्रकार असा झाला की मी खरंच घाबरले. फेब्रुवारीतली रात्र, अकरा वाजून गेलेले, खाडीकडून एकही दिवा नसलेला, फिकट गुलाबी-राखाडी रंगाचा व्ही आकार अगदी गुपचूप सरकत आमच्यावरून गेला, विमानापेक्षा हळू, आणि कडा जरा थरथरत होत्या. बाबांनी माझा दंड घट्ट धरला. दुर्बीण वळवेपर्यंत गेला. झोप लागली नाही मला. तिसऱ्या रात्री परत आला, या वेळी गच्चीवरचा पंप बंद होता म्हणून बारीक कॉ-कॉ असा आवाज आला. फ्लेमिंगो! रात्री खाडीतून दुसऱ्या पाणथळीकडे जाणारा थवा, खालून रस्त्यांच्या दिव्यांचा उजेड पोटावर पडलेला. इतकी वर्षं नवी मुंबईत राहतेय, दिवसा फोटो काढलेत, पण रात्री ते असे चमकतात हे माहीत नव्हतं. त्या रात्री पंप चालू असता तर मी आजही शपथेवर सांगत असते की मी काहीतरी बघितलं.

याच कामासाठी कुणी दुर्बीण घेणार असाल तर नका घेऊ, स्पष्ट सांगते. डॉबमधून पट्टा दिसतो चंद्राच्या दुप्पट रुंदीचा, तोही उलटा, उडणारी गोष्ट पकडणं जवळपास अशक्य आहे. १०x५०ची साधी बायनॉक्युलर घ्या, स्वस्त पडते आणि विमानाचे पंख कळतात.

दुर्बीण भारी आहे ती दुसऱ्या अर्ध्या प्रश्नासाठी, की कुणी इथे येतंय का हे सोडा, तिकडे कुणी आहे का.

२०२५च्या जानेवारीत मंगळ जवळ आला होता. १२० पटीने नारिंगी गोटी, एका टोकाला पांढरा ठिपका, आणि हवा हलत असताना टक लावून बघितलं की कसल्यातरी रेघा असल्यासारखं वाटायला लागतं, मुलीने कागदावर काढल्यासुद्धा! मग तिला सांगितलं की १८७७ मध्ये शियापारेल्ली नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला अशाच रेघा दिसल्या, त्याच्या भाषेतल्या शब्दाचं इंग्रजीत 'कालवे' झालं आणि अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने त्यावरून मंगळावर कालवे खोदणारी अख्खी संस्कृती उभी केली. मोठी वेधशाळा असलेला हुशार माणूस. १९६५ला मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि खड्डे दिसले. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या पोरीच्या हातच्या रेघा बघणं वेगळं.

गुरू तर नवख्या माणसाला लगेच आवडतो, चार चंद्र मोत्यासारखे ओळीत. त्यातला एक युरोपा. त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे असं भक्कम पुराव्यांवरून मानतात, आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये तिकडे निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३०मध्ये पोचणार आहे. मी पाहुण्यांना आधी तो ठिपका दाखवते आणि मग हे सांगते. आयपीसवरून डोळा काढून परत लावतात लोक, दर वेळी. शनीचा चंद्र एन्सेलाडस आमच्या गच्चीवरून नाही दिसला मला, पण कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवाकडून पाण्याचे फवारे उडताना पकडले होते. माझं मत विचाराल तर पहिला सजीव असाच कुठेतरी पाण्यात सापडेल आणि तो सूक्ष्मजीव असेल. आपल्याकडे नारळीकर सरांनी २००१मध्ये हैदराबादहून बलून ४१ किलोमीटरवर पाठवून हवेचे नमुने आणवले होते, त्यात जिवंत पेशी मिळाल्या, त्या बाहेरून आल्या की इथूनच वर गेल्या यावर एकमत झालं नाही, पण प्रश्न असा नीट मांडून त्याच्या मागे लागणारा माणूस आपल्या भाषेत लिहीत होता याचं मला फार कौतुक आहे.

माझा सगळ्यात लाडका तारा मात्र कुणाला बघावासाही वाटणार नाही. टाऊ सेटी. डिसेंबरात संध्याकाळी दक्षिणेकडे, आमच्याकडून नुसत्या डोळ्यांना मुश्किलीने, दुर्बिणीत साधा पिवळसर ठिपका. १२ प्रकाशवर्षं. १९६०मध्ये फ्रँक ड्रेक या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ग्रीन बँक या गावी रेडिओ दुर्बीण पहिल्यांदा परग्रहावरचं कुणी बोलतंय का ऐकायला वळवली ती याच ताऱ्याकडे, आणि दुसरा होता एप्सिलॉन एरिडानी. एक जोरदार सिग्नल मिळालाही, सगळे उडाले, आणि ते विमान निघालं! हे वाचलं तेव्हा मला आमचा पूर्वेच्या डोंगरावरचा दिवा आठवला आणि एकदम आपलेपणा वाटला त्या माणसाबद्दल.

मे महिन्यात एम १३, हा तारकागुच्छ आमच्या आकाशातून नुसता कापसाचा पुसट बोळा दिसतो, मुरबाडच्या पुढे अंधारात नेली तर कडेचे तारे सुटे होतात. १९७४ला अरेसिबोच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवरून १६७९ बिट्सचा एक निरोप याच बोळ्याच्या दिशेने पाठवला, तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत पाठवायला, पोचायला वीस हजारांहून जास्त वर्षं. बाबांनी विचारलं मग उत्तर कोण ऐकणार. मला काही बोलता आलं नाही. अंतर ही गोष्ट तिथे कळते. सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षं, व्हॉयेजर १ यान सेकंदाला १७ किलोमीटरने धावतंय, ते त्या दिशेला निघालं असतं तरी ७० हजार वर्षांच्या वर लागली असती. इतक्या लांबून येऊन कुणी शहापूरच्या डोंगरावर दिवा लावून परत जाईल हे मला पटत नाही, आणि हे बाबांना मी तोंडावर सांगितलंय.

२०२५मधले ३आय/ॲटलासचे फॉरवर्ड आठवत असतील, जुलैमध्ये सापडलेला, दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला तिसरा पाहुणा, ते यान आहे म्हणून आमच्या ग्रुपवर धुमाकूळ. डिसेंबरात पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तेव्हाही सुमारे २७ कोटी किलोमीटर लांब. माझ्या दुर्बिणीतून नाही दिसला, दोन पहाटे थंडीत उभी राहिले. तो धूमकेतू आहे, धूमकेतूसारखाच वायू आणि धूळ सोडत होता. पण लोकांना ते ऐकून निराशा का व्हावी? दुसऱ्या ताऱ्याभोवती तयार झालेला बर्फ आपल्या अंगणातून जातोय ही काय कमी गोष्ट आहे का!

बाबांचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. अमेरिकन हवाई दलाने प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये १९६९पर्यंत यूएफओच्या १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत ओळखल्या गेल्या नाहीत. नासाच्या समितीने २०२३मध्ये सांगितलं की या गोष्टी परग्रहावरच्या आहेत असा काही पुरावा नाही, आणि त्याबरोबर हेही सांगितलं की हाती असलेली माहितीच फार तुटपुंजी आहे. मला हे प्रामाणिक वाटतं. 'ओळखलं नाही' याचा अर्थ 'एलियन' होत नाही आणि 'खोटं बोलतोय' असाही होत नाही. आणि 'तबकडी' हा शब्दच बघा, १९४७ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने सांगितलं होतं की त्या वस्तू पाण्यावर बशी फेकावी तशा उड्या मारत जात होत्या, तो बोलत होता चालीबद्दल, पेपरवाल्यांनी आकार बशीचा केला आणि मग जगभर लोकांना बशाच दिसायला लागल्या. बाबांनी बघितला होता तो उजेड होता, बशी नव्हती. हे त्यांना पटलं, आता ते 'तो उजेड' म्हणतात.

तर पाचपैकी चार स्टार. अर्धा कॉलिमेशनबद्दल कागद न दिल्याचा कापला, अर्धा फाइंडरचा, दोन्ही सुधारता येण्यासारखे आहेत. घरात दहा वर्षांच्या पुढचं मूल असेल आणि गच्चीची चावी मिळत असेल तर नक्की घ्या, ८ इंची घेऊ नका, जड होते, उचलायचा कंटाळा आला की ती घरातच राहते. सेक्रेटरीशी आधी बोलून घ्या, आमच्याकडे चावीवरून दोन मीटिंग झाल्या आणि आता तेच काका शनिवारी सगळ्यात आधी वर येऊन बसतात.

बाबांनी एक वही केलीये. दिसलेला प्रत्येक अनोळखी उजेड, वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी वर, किती वेळ दिसला, आणि शेवटच्या रकान्यात ते काय निघालं. ४३ नोंदी झाल्यात, विमान, विमान, उपग्रह, शुक्र, फ्लेमिंगो, ड्रोन असं खाली खाली जातं. पहिल्याच पानावर त्यांनी शहापूरची ती रात्र लिहिलीये, आठवेल तेवढ्या तपशिलासकट, दिशा ईशान्य, अंदाजे दोन मुठी. त्याच्यापुढचा रकाना त्यांनी रिकामा ठेवलाय.