लोकरी पॅड की मायक्रोफायबर? फुटणारा दाणा की न फुटणारा?

गाडी धुऊन झाली आहे, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) मारून झाला आहे, रबर आणि धारांवर टेप लागली आहे आणि आता कटिंगला, म्हणजे रंगावरचे ओरखडे मशीनने घासून काढायला, कोणती जोडी घ्यायची एवढंच ठरायचं आहे, असं धरून चालतो. समोर दोन जोड्या आहेत. एक जुनी: रोटरी (नुसतं गोल फिरणारं) मशीन, लोकरी पॅड आणि घासता घासता दाणा फुटून बारीक होत जाणारं कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट. दुसरी: ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता हेलकावेही घेणारं) मशीन, मायक्रोफायबर पॅड आणि शेवटपर्यंत त्याच मापाचा दाणा टिकवणारं कंपाउंड.

कापण्याच्या वेगात जुनी जोडी अजून पुढेच आहे, हे आधी मान्य करू. २००० नंबरच्या वॉटर पेपरचे ओरखडे रोटरीवर, १२०० ते १५०० आरपीएमला, लोकरीखाली भराभर निघतात. शिवाय धाग्यांमधून हवा खेळत असल्यामुळे त्याच वेगाला फोमचा पॅड जितका तापतो तितकी लोकर पृष्ठभाग तापवत नाही. नव्याने रंगवलेल्या गाडीची संत्र्याच्या सालीसारखी खडबड पेपरने उतरवली असेल, तर लोकर हाताशी हवीच. मात्र २००० नंतर ३००० चा, म्हणजे आणखी बारीक, पेपर फिरवायची सवय असेल, तर उरलेलं काम मायक्रोफायबरही आरामात उचलतो आणि वेगाचा तो फायदा बराचसा विरघळतो.

आता मला खटकलेली गोष्ट. फुटणारा दाणा म्हणजे बारीक कणांचे गठ्ठे. दाब आणि घर्षणाने ते फुटत जातात. आधी कापतात, शेवटी चमकवतात. एकाच बाटलीत दोन्ही कामं, म्हणून ऐकायला छान. पण त्यासाठी चक्र पूर्ण व्हावं लागतं: साधारण ६०० आरपीएमला पसरवणं, मग वेग वाढवून आडव्या-उभ्या चार ते सहा फेऱ्या, आणि शेवटी दाब काढून हजारच्या आसपास दोन फेऱ्या. बॉनेटच्या मधोमध हे सगळं जमतं. दाराच्या हँडलमागच्या वाटीत, बंपरच्या कोपऱ्यावर, आरशाच्या कवचावर जमत नाही. तिथे पॅड पूर्ण टेकत नाही, आणि प्लॅस्टिकमधून उष्णता पसरत नसल्यामुळे एकाच जागी साचते. दाणा फुटायच्या आत द्रव सुकतो. मग तो अर्धवट फुटलेला दाणा तिथे ओरखडे काढतो आणि लोकरीत अडकून पुढच्या पॅनलवरही जातो.

एवढंच असतं तरी चाललं असतं. खरा वैताग पुढे आहे. बऱ्याच कंपाउंडमधलं तेल हे ओरखडे भरून टाकतं, त्यामुळे पुसल्यावर पॅनल आरशासारखं दिसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून पुसा आणि टॉर्च तिरका धरा, की धुरकटपणा आणि होलोग्राम (मशीनने पाडलेल्या बारीक ओरखड्यांच्या चमकत्या लहरी) समोर उभे राहतात. पुसलं नाही, तर तेच होलोग्राम चार धुण्यांनंतर उन्हात दिसतात. म्हणजे प्रत्येक चौकोन (एका वेळी घासायला घेतलेला तुकडा) पुसून तपासायचा आणि चक्र अर्धं राहिलं असेल तर तोच पुन्हा मारायचा. साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच्या क्लिअरमधून, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातून, एका दमदार कटिंगला दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. दुसऱ्यांदा मारलं की तेवढेच आणखी. जाडी मोजणारा गेज तर धातूवरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो. त्यातला क्लिअर किती उरला, हे त्यावरून कळत नाही.

न फुटणाऱ्या दाण्यात हे चक्राचं ओझं नाही. तो किती कापणार, हे पॅड, दाब आणि वेळ यांवर ठरतं. हँडलच्या वाटीत तीन इंची पॅडच्या दोन फेऱ्या मारून मशीन उचललं, तरी काही अर्धवट राहत नाही. कमी कापलं गेलं इतकंच. माझ्यापुरता काटा इथेच झुकला. मोठ्या सपाट पॅनलवरच काम असणाऱ्यांना कदाचित हा मुद्दा इतका टोचणार नाही.

मायक्रोफायबरचे नखरे मात्र आधीच माहीत असावेत. कोरड्या पॅडने थेट सुरुवात केली, की पहिल्या चौकोनावर अर्धे धागे कोरडेच घासतात. म्हणून पहिल्यांदा पॅडच्या पूर्ण तोंडावर कंपाउंड बोटाने चोळून घ्यायचं, पुढे दर वेळी मटारएवढे तीन-चार थेंब पुरतात. चौकोन ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. या प्रकारातली काही कंपाउंडं लवकर सुकतात आणि सुकली की पांढरी पूड उडवतात. तेव्हा कंपाउंड वाढवण्यापेक्षा पाण्याचा एक हलका फवारा बरा. प्रत्येक चौकोनानंतर कॉम्प्रेसरची हवा किंवा नायलॉनचा ब्रश मारलाच पाहिजे, नाहीतर निघालेला क्लिअर आणि कंपाउंड मिळून धाग्यांच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्याच नवे ओरखडे काढतात. पॅडचा मधला भाग सगळ्यात जास्त तापतो. तसाच दामटला तर गोंद सुटून तोंडाचा थर वेगळा होतो. दोन पॅनलनंतर पॅड बदलायचा, म्हणजे एका गाडीला पाच-सहा पॅड लागतात. लोकरीचे दोन पुरले असते, हेही खरं.

बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटतो त्या चकतीच्या) कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. ड्युअल ॲक्शनवर दाब जास्त झाला किंवा पॅड वळणावर तिरका पडला, की फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरणं उरतं. आवाजावरून ते लक्षात येत नाही, रेघेवरून लगेच येतं. २१ मिलिमीटर थ्रोच्या (पॅडच्या हेलकाव्याच्या मापाच्या) मशीनला वळणावर हा त्रास जास्त, १५ ला कमी.

मऊ क्लिअरच्या काळ्या गाडीवर मायक्रोफायबर हमखास धुरकट छटा सोडतो. मग फोमची फिनिशिंग टाळता येत नाही. पण लोकरीनंतर तरी ती कुठे टळते? होलोग्राम काढायला मऊ फोम आणि ड्युअल ॲक्शन लागतंच, तेव्हा पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच. फोम निवडताना रंगावर जाऊ नका. एकाचा केशरी दुसऱ्याच्या पिवळ्याएवढा कडक असतो, याला कुठलंही प्रमाण नाही. बोटाने दाबून पाहा आणि एका चौकोनावर चाचणी घ्या. फिनिशिंगला फुटणाऱ्या दाण्याचं पॉलिश वापरायला माझी हरकत नाही. तिथला दाणा मुळातच बारीक असतो, अर्धवट राहिला तरी फारसं बिघडत नाही.

जोड्या फोडूनही चालतात. आखूड केसांची लोकर ड्युअल ॲक्शनवर, न फुटणाऱ्या दाण्याबरोबर, कडक क्लिअरवर छान कापते आणि रोटरीसारखे होलोग्राम सोडत नाही. मायक्रोफायबर अडेल तिथे मी पेपरकडे वळण्याआधी ही जोडी लावून पाहीन. उलट, फुटणारं कंपाउंड मायक्रोफायबरवर टाकण्यात मला काही हशील दिसत नाही: धागे आपल्या जोरावर कापतच राहतात, त्यामुळे दाणा बारीक झाला तरी शेवटची चमक येत नाही.

काम संपलं की पॅड लगेच कोमट पाण्यात धुवा. रात्रभर राहिलेलं कंपाउंड धाग्यांत दगडासारखं बसतं. वाळवताना तोंड खाली ठेवा. उलटं ठेवलं तर पाणी वेल्क्रोच्या बाजूला उतरतं आणि गोंद तिथूनच सुटायला लागतो.