ओकायामात वर्षभर जपानी शिकून आले, त्याबद्दल

जपानमधल्या ओकायामा शहरातल्या एका भाषाशाळेत वर्षभराचा कोर्स केला, सुरुवातीचे दोन महिने होमस्टेसकट, खूप जण विचारतात म्हणून लिहितेय. पुण्यात एन५ (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) करून गेले होते पण तेवढं पुरत नाही, तिच्या वरची एन४ करूनच जा. पहिल्या दिवसापासून वर्गात फक्त जपानी, त्यात चीनहून आलेल्या मुलांना कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) आधीच ओळखीची, मग सेन्सेई, म्हणजे शिक्षक, भराभर पुढे जातात आणि आपण रात्री दोनपर्यंत वही गिरवत बसतो. आम्हा बाकीच्यांना वेगळा तास हवा होता, दोनदा मागूनही शाळेने ठेवला नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

व्याकरण मात्र मराठी माणसाला इतकं जवळचं वाटतं! क्रियापद शेवटी, 'नि' म्हणजे बऱ्याचदा आपला 'ला', 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'ताबेते मिरु' म्हणजे शब्दशः खाऊन बघणं, 'इत्ते ओकु' म्हणजे सांगून ठेवणं. वर्गातली युरोपातली मुलं यावर अडकली होती आणि मला ऐकल्या ऐकल्या कळलं.

पण पैसे खरे वसूल झाले ते होमस्टेमध्ये. घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणायचं, म्हणजे 'जाऊन येते', आणि ओकासान, म्हणजे त्या घरची आई, आतून म्हणणार 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. आपल्याकडे पण 'जाते' म्हणू देत नाहीत ना, अगदी तेच, पहिल्यांदा अर्थ लागला तेव्हा आजीची फार आठवण आली. मी शाकाहारी, आणि तिकडे मिसो सूपच्या दाशीत (ज्या पाण्यात सूप करतात त्यात) सुद्धा बहुतेक मासा असतो, तर ओकासान माझ्यासाठी रोज नुसत्या कोम्बुची (समुद्री शेवाळाची) दाशी वेगळी करायची. 'खूप'ला तिकडच्या बोलीत 'बोक्केए' म्हणतात हे पण तिनेच शिकवलं, वर्गात नाही. रविवारी कोराकुएनला जायचो, १७०० साली पूर्ण झालेली बाग, आपलं सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्यावरूनच केलंय, त्यामुळे तिथे परकं वाटलंच नाही.

स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण एन५ वर काम पटकन मिळत नाही, त्या भरवशावर फीचं गणित मांडू नका. आणि फॉर्म भरतानाच होमस्टेचे महिने वाढवून मागा, मी नंतर मागितले तर मिळाले नाहीत, हॉस्टेलवर जावं लागलं आणि तिथे सगळे आपापसात इंग्रजीच बोलतात.