हॉटेल खरं, ॲप खरं, पैसे मात्र चोराच्या खिशात

फसवणुकीबद्दलचे सल्ले आपण रोज वाचतो. अनोळखी लिंक उघडू नका, अनोळखी नंबरला उत्तर देऊ नका. आमच्या बाबतीत यातला एकही सल्ला कामाचा नव्हता, कारण अनोळखी असं काही नव्हतंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंच्या सत्तरीनिमित्त सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं ठरलं. धाकट्या दिरांनी हॉटेल शोधलं. ऐन शहरात, पंचतारांकित, पलंगावर बसल्या बसल्या नदी दिसावी असं. बुकिंग एका नावाजलेल्या ॲपवरून केलं आणि पैसे तिथे पोचल्यावर हॉटेललाच द्यायचे होते. आगाऊ काही नाही, म्हणून सगळे निर्धास्त.

निघायच्या आठवड्यात हॉटेलचा मेसेज आला. तो व्हॉट्सॲपवर नव्हता, एसएमएस नव्हता, ॲपच्या आतल्या चॅटमध्ये होता. त्याच चॅटमध्ये आम्ही आधी सासूबाईंसाठी व्हीलचेअरची चौकशी केली होती आणि हॉटेलने ‘मिळेल’ म्हणून कळवलं होतं. त्या उत्तराच्या बरोबर खाली हा नवा मेसेज. बुकिंग क्रमांक बरोबर, सगळ्यांची नावं बरोबर, तारखा बरोबर, खोल्या नदीच्या बाजूच्या आहेत हेसुद्धा बरोबर. मजकूर असा की तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही, १२ तासांत केली नाही तर बुकिंग आपोआप रद्द होईल. रक्कम कापली जाणार नाही, फक्त रोखून धरली जाईल आणि लगेच मोकळी होईल.

आता गंमत अशी की कार्डावर रक्कम रोखून धरण्याची पद्धत हॉटेलांत खरोखरच आहे. खोलीत काही मोडतोड झाली, बिल राहून गेलं, तर म्हणून ती अडकवून ठेवतात आणि हिशेब झाला की सोडतात. प्रवास करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

लिंक उघडली तर ॲपसारखंच रंगरूप, आमच्याच खोलीचा फोटो आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. त्या पानाचा पत्ता मी नंतर स्क्रीनशॉट मोठा करून वाचला. सुरुवातीला ॲपचं नाव, मग एक आडवी रेघ, मग ‘गेस्ट’ आणि काही आकडे, त्यापुढे एक टिंब आणि मग भलतंच नाव. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे असतं, तेच खरं संकेतस्थळ. मोबाइलच्या चिंचोळ्या पट्टीत ते चटकन नजरेत येत नाही, नजरेत भरतं ते सुरुवातीचं सजवलेलं नाव.

दिरांनी कार्ड भरलं. ‘हे कार्ड चालत नाही, दुसरं वापरा’ असं आलं. दुसरं भरलं. पहिलं न चालायला काय झालं होतं? चांगलं चाललं होतं. दोन्ही कार्डांवरून पूर्ण मुक्कामाची रक्कम गेली. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कमही होती आणि पैसे घेणाऱ्याचं नावही होतं, आणि ते नाव हॉटेलचं नव्हतं. पण घड्याळ पळत असताना माणूस त्या मेसेजमधले फक्त ओटीपीचे आकडे वाचतो. ते घड्याळ त्यासाठीच तर ठेवलेलं असतं.

रोखलेली रक्कम सुटेलच म्हणून ती कुणी मनावर घेतली नाही. हॉटेलवर पोचलो. संगमरवरी काउंटर, मागे काचेतून नदी, बोटींचे दिवे, पोरं खिडकीला चिकटलेली. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन आमच्याकडे वळवली. येणे बाकी, पूर्ण. एक पैसाही जमा नाही. आणि तिथेच, फुलदाणीच्या शेजारी, छान चौकटीत एक सूचना उभी केलेली होती की आमचं हॉटेल चॅटमधून लिंक पाठवून कधीही पैसे मागत नाही. मी ती दोनदा वाचली. ही सूचना काउंटरवर लावायची? पाहुणा तिथे पोचतो तेव्हा लुबाडून झालेला असतो! प्रकार माहीत होता, चौकट करायला सवड होती, पाहुण्यांना आधी दोन ओळी कळवायला मात्र नव्हती. माझा खरा राग यावर आहे, चोरावर नंतर.

मॅनेजर आले, फार गोड बोलले. आमच्याकडून काही झालेलं नाही, तुमची माहिती ॲपकडून गेली असेल म्हणाले. ॲपवाले म्हणाले, हॉटेलच्या खात्यातून गेली असेल. भरपाई म्हणून आम्हाला वरच्या मजल्यावरच्या खोल्या आणि फळांची एक टोपली मिळाली.

माहिती जाते कशी, हे पुढे वाचून समजलं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये अशाच एका टोळीची पद्धत प्रसिद्ध केली होती. डिसेंबर २०२४ पासून ते हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना एका बुकिंग कंपनीच्या नावाने मेल पाठवत होते, पाहुण्याने वाईट अभिप्राय दिलाय वगैरे. लिंकवर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी खोटी चाचणी. त्यासाठी विंडोजची ‘रन’ची चौकट, म्हणजे जिथे लिहिलेला आदेश संगणक थेट पाळतो ती, उघडून तिथे एक ओळ पेस्ट करायला सांगायचे. बिचाऱ्या कर्मचाऱ्याने तेवढं केलं की पासवर्ड चोरणारा प्रोग्राम संगणकात. एकदा हॉटेलचं खातं हाती आलं की कोण कधी येणार, किती खोल्या, सगळं आयतं समोर, आणि चॅटही हॉटेलच्याच नावाने करता येतो. आमच्या हॉटेलात नेमकं हेच घडलं असं सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पण व्हीलचेअरच्या उत्तराखाली तो मेसेज दुसऱ्या कुठल्या वाटेने येणार?

म्हणून, पाठवणारा कोण हे बघून उपयोग नाही. मागतोय काय ते बघा. ‘हॉटेलवर पैसे द्या’ असं बुकिंग असताना आधी पैसे मागणारा, ॲपच्या बाहेरच्या पानावर नेणारा आणि वर घाई करणारा मेसेज आला, तर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून फोन लावा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

निघताना दुष्काळात तेरावा महिना. कार्डाच्या मशीनवर दोन पर्याय येतात, स्थानिक चलन की तुमचं चलन. काउंटरवरच्या मुलाने न विचारता आमच्या चलनाचं बटण दाबलं. त्यात चलन बदलण्याचा दर मशीनवाल्यांचा असतो आणि बहुधा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमात ही निवड ग्राहकाने करायची आहे. नवऱ्याने पावती वाचली आणि व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावला. मुलाने तोंड वाकडं केलं, करू दे.

बँकेचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: ओटीपी तुम्हीच दिलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. आम्ही तक्रार बदलली. पैसे घेतले आणि सेवा दिली नाही, अशी केली. या प्रकारच्या दाव्याला कार्ड कंपन्या साधारण १२० दिवसांची मुदत देतात, तेव्हा घरी येऊन दमलोय म्हणून थांबू नका. या दाव्यात सगळ्यात उपयोगी पडलं ते हॉटेलच्या लेटरहेडवरचं दोन ओळींचं पत्र, की अमुक तारखेची अमुक रक्कम आम्हाला मिळालेली नाही. ते आम्ही हॉटेल सोडण्याआधीच घेतलं होतं; सासूबाई काउंटरसमोरच्या सोफ्यावर ठाण मांडून बसल्या आणि पत्र हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत. एका कार्डाचे पैसे परत आले. दुसऱ्याचं प्रकरण चालू आहे. चॅटमधला तो मेसेज दरम्यान गायब झाला. आमच्याकडे स्क्रीनशॉट होता, म्हणून निदान भांडायला काहीतरी हातात उरलं.