ओतूर ते वाशी, रात्रीची पिकअप: माल वेळेवर, रिकामे कॅरेट मात्र अपुरे

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. त्यामुळे 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला शेतमाल वाहणारी पहिली किसान रेल सुटली, तिचे कौतुक आम्ही वर्तमानपत्रातच वाचले. आमचा टोमॅटो पिकअपनेच जातो. नारायणगावचा बाजार जवळ असला, तरी भावातला फरक पाहून मी बराचसा माल नवी मुंबईत वाशीच्या बाजाराला धाडतो. दोन हंगाम ज्या गाडीवाल्याकडे माल दिला, त्याच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही.

या सेवेचा मोठा गुण असा, की ती दहा कॅरेटसाठीही बांधावर येते. अर्ध्या एकरवाल्याच्या तोड्याने, म्हणजे एका वेळी तोडलेल्या मालाने, गाडी भरत नाही आणि अख्ख्या गाडीचे भाडे त्याला पेलत नाही; येथे चार-पाच जणांचा माल एकत्र भरून भाडे कॅरेटमागे घेतले जाते. चिठ्ठ्या पावसाने भिजतात, म्हणून चालक माझ्या कॅरेटच्या कडीला निळी सुतळी बांधतो. संध्याकाळी निघालेली गाडी माळशेज घाट उतरून, मुरबाड-कल्याणमार्गे पहाटेच्या विक्रीआधी पोहोचते. घाटात दरड आली, तर पुण्याकडून फिरून जावे लागते. तसे तो आधी फोन करून सांगतो आणि वाढीव डिझेल सर्वांत वाटून घेतो, हे मला रास्त वाटते.

फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, 2016 पासून खरेदीदाराने द्यायची असल्याने पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर) आता हमाली-तोलाईपेक्षा गाडीभाडेच डोळ्यांत भरते. जुलै 2023 मध्ये वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव गेला, तेव्हा भाड्याकडे कोणी पाहिले नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ आली होती. भाडे मात्र तेव्हाही तेवढेच होते. पडत्या भावात सवलत द्या म्हटले, तर हा गृहस्थ हसून विषय बदलतो. डिझेल त्यालाही स्वस्त मिळत नाही, हे मान्य आहे.

खरी तक्रार रिकाम्या कॅरेटची आहे. गेल्या हंगामात माझे अकरा कॅरेट कमी आले आणि परत आलेल्यांपैकी तीन कॅरेटचे तळ फुटलेले होते. ‘बाजारात अदलाबदल झाली असेल’, एवढेच उत्तर मिळाले, भरपाई नाही.

शंभर कॅरेटच्या वर तोडा असणाऱ्यांनी स्वतंत्र गाडी करावी. मी पुढच्या हंगामातही याच गाडीत माल भरणार आहे, फक्त जाणारे-येणारे कॅरेट वहीत लिहून, खाली त्याची सही घेऊन.