‘ऑटिझम स्पीक्स’चे हंड्रेड डे किट : एका पालकाचे परीक्षण

मुलाच्या ऑटिझमचे निदान हाती पडल्यावर न्यू जर्सीतल्या पालकांना पहिल्या आठवड्यातच कोणी ना कोणी ‘ऑटिझम स्पीक्स’ या ऑटिझमसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे नाव सुचवते आणि त्यामागोमाग त्यांच्या ‘हंड्रेड डे किट’चेही. निदानानंतरच्या पहिल्या शंभर दिवसांत काय करावे, याचे हे मार्गदर्शन मोफत मिळते. लहान मुलांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत. आम्ही लहान मुलांची आवृत्ती छापून जाड फाइलमध्ये लावली. आज तीन वर्षांनी त्या फाइलची कोणती पाने हाताळून मऊ पडली आहेत आणि कोणती अजून करकरीत आहेत, हे पाहूनच मी हे परीक्षण लिहीत आहे.

मऊ पडली आहेत ती संपर्काच्या नोंदींची पाने. कोणाला फोन केला, कोणत्या तारखेला, काय ठरले, पुन्हा केव्हा बोलायचे, असे साधे रकाने आहेत. पण मूल तीन वर्षांचे झाल्यावर त्याची जबाबदारी ‘अर्ली इंटरव्हेन्शन’कडून (तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या सरकारी सेवेकडून) शाळा जिल्ह्याकडे, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे जाते, त्या धांदलीच्या महिन्यांत आमच्या घरात या रकान्यांइतके उपयोगी काहीही नव्हते. आयईपी म्हणजे मुलासाठी शाळेने आखायची स्वतंत्र शिक्षण योजना काय असते, मूल्यमापन लेखी कसे मागावे, हेही किटमध्ये क्रमाने आणि सोप्या भाषेत दिलेले आहे.

करकरीत राहिली ती पालकांच्या मनःस्थितीवरची पाने. धक्का, शोक, राग असे टप्पे तिथे सांगितलेले आहेत. ती खोटी नाहीत, पहिली रात्र आमचीही तशीच गेली. मात्र घरात काही अशुभ घडले आहे असा जो सूर त्या पानांना आहे, तो आमच्या मुलाशी जुळेना. तो दिवसभर रेल्वेच्या घोषणा म्हणत असतो, ‘नेक्स्ट स्टॉप मेट्रोपार्क’, अगदी त्याच आवाजात आणि त्याच ठेक्यात. (आपल्याकडचा ‘स्वमग्न’ हा शब्दही मला म्हणूनच खटकतो, तो स्वतःत मग्न नाही, गाडीत मग्न आहे.)

हाच आक्षेप ‘ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क’ या ऑटिस्टिक व्यक्तींनी चालवलेल्या संस्थेने फार कडक शब्दांत घेतला आहे. मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ कार्यक्रमातील ज्युलिया या ऑटिस्टिक पात्राचा वापर याच किटच्या प्रसारासाठी होऊ लागला, तेव्हा २०१९ साली त्या संस्थेने कार्यक्रमाच्या निर्मात्यांशी असलेले सहकार्य थांबवले.

आमच्या परिचयातल्या मराठी कुटुंबांत या संस्थेविषयी टोकाची मते आहेत, आणि मला वाटते, कोण कोणत्या साली तिच्या दारात आले यावर ती बरीचशी अवलंबून आहेत. ज्यांचा मुलगा आता विशीत आहे ते काका संस्थेविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत. २००५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने राज्याराज्यांत विम्याच्या कायद्यांसाठी पाठपुरावा केला. न्यू जर्सीत तो कायदा २००९ साली झाला आणि ज्या थेरपीसाठी ते घर विकण्याच्या बेतात होते तिचा खर्च विमा कंपनीवर आला. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त नव्या पालकांनी हे लक्षात घ्यावे की ज्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचे पैसे विमा कंपनीऐवजी स्वतःच्या निधीतून भरतात, त्यांच्या योजनांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही. आयटीतल्या आपल्या बऱ्याच लोकांचा विमा नेमका तसाच असतो, म्हणून एचआरला तेवढा एक प्रश्न आधी विचारावा.

दुसऱ्या बाजूला एका स्नेह्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी आहे. ती स्वतः ऑटिस्टिक आहे आणि २ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, या संस्थेच्या मोहिमेतला निळा दिवा घराबाहेर लावू देत नाही. संस्थेच्या २००६ सालच्या लघुपटात एका आईने, मुलगी त्याच खोलीत असताना, तिला गाडीत घालून जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून गाडी खाली घालण्याचा विचार मनात आला होता, असे सांगितले होते. “ती मुलगी ऐकत होती, एवढंच माझं म्हणणं आहे,” असे स्नेह्यांची मुलगी सांगते. त्यावर काकांकडेही उत्तर नसते.

संस्था बदलली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. लसींमुळे ऑटिझम होत नाही, हे तिने २०१५ साली निःसंदिग्धपणे सांगितले, त्याच वर्षी दोन ऑटिस्टिक व्यक्तींना संचालक मंडळावर घेतले, आणि २०१६ साली ‘क्युअर’ (पूर्ण बरे करणे) हा शब्द उद्दिष्टांतून काढला. सांगलीहून माझी आई दर रविवारी “सुधारतोय ना रे?” असे विचारते, तेव्हा हा इतिहास मी तिला सांगत बसत नाही. फोन मुलाकडे देतो, आणि तो तिला ट्रेंटनपर्यंतची स्थानके ऐकवतो.

किट घ्यावे, असेच मी सांगेन. नोंदींची आणि हक्कांची पाने आधी काढावीत, भावनांची मागे ठेवावीत, आणि जोडीला एखाद्या ऑटिस्टिक प्रौढ व्यक्तीने लिहिलेले काहीतरी वाचावे. आमच्या प्रतीतला सर्वांत मोलाचा कागद तर अगदी शेवटी होता. मूल हरवल्यास पोलिसांना द्यायची माहिती त्यात भरायची असते. ‘आवडती ठिकाणे’ या ओळीत पत्नीने मेट्रोपार्कचा फलाट लिहिला आहे, आणि मुलाजवळ कसे जावे या ओळीत, ‘पुढच्या स्थानकाचे नाव घोषणेच्या सुरात म्हणा, तो स्वतःहून तुमचा हात धरेल.’